मदत हवी आहे : इग्नूतून एमएसडब्ल्यू, फील्डवर्कचं कसं जमवता?

नमस्कार ताई-दादा. मी अंबाजोगाईजवळ एका संस्थेत बचत गटांचं काम बघते. बीए झालंय, आता इग्नू या मुक्त विद्यापीठातून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स पदवी, दूरशिक्षणाने करायचा विचार आहे. नोकरी आणि लहान मुलगी सोडून पूर्णवेळ कॉलेजला जाणं शक्य नाही.

अभ्यासाची धास्ती नाही, पुस्तकं घरी वाचता येतील. अडतंय ते फील्डवर्कवर. ते काही मोबाईलवर होत नाही. प्रत्यक्ष संस्थेत जायचं, जर्नल (केलेल्या कामाची नोंदवही) लिहायचं, मार्गदर्शकांची सही घ्यायची. मी ज्या संस्थेत पगार घेते तिथलंच काम त्यात धरतात का? की दुसरी संस्था शोधावी लागते? मार्गदर्शक अभ्यास केंद्र देतं की आपणच गाठायचा? रोज महिलांच्या बैठका, बँकेची कर्जप्रकरणं, नवरा-बायकोची भांडणंसुद्धा मिटवतो हो आम्ही, आणि ते वाया जावं असं वाटत नाही.

दुसरं, मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये स्पष्ट केलंय. तरी समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) भरतीत कागदपत्र तपासणीला कुणाला अडवलं का? ऐकीव नको, स्वतः गेलेल्यांनीच सांगा. जुन्या जर्नलचा एखादा फोटो मिळाला तर फारच बरं.