मदत हवी आहे: असेटो कोर्सामध्ये एआय गाड्या एकमेकींशी जुळत नाहीत (जीटी३ + जीटी४)

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. कार रेसिंगचा गेम जुना असेटो कोर्सा (२०१४ चा, काँपिटिझिओने नव्हे), कंटेंट मॅनेजर या जोड-प्रोग्रॅममधून चालवतो. ऑफलाइन रेस, १६ गाड्यांचा ग्रिड (सुरुवातीची रांग): १० जीटी३ (वेगवान वर्ग), ६ जीटी४ (त्याहून हळू वर्ग). जीटी३ मधल्या आठ गाड्या गेमच्या स्वतःच्या, दोन मॉड (बाहेरच्यांनी बनवलेल्या). एआयची (गाडी चालवणाऱ्या संगणकाची) पातळी सगळ्यांना ९४, आक्रमकता ३०.

तीन अडचणी आहेत.

१) मोंझावर पहिली मॉड गाडी सरळ रस्त्यावर बाकीच्यांना सोडून निघून जाते. तिची पातळी ८८ केली की मोंझावर गाडं रुळावर येतं, पण मग माजिओनेवर तीच गाडी शेवटून पहिली.

२) दुसरी मॉड गाडी कुठल्याही ट्रॅकवर मागेच. पातळी १०० केली तरी ढिम्म.

३) स्पाला १० लॅपची रेस लावली की जीटी३ गाड्या जीटी४ च्या मागे अडकून बसतात. ग्रिडचा क्रम रँडम ठेवला आहे.

प्रत्येक गाडीला वेगळी पातळी द्यायची, की जादा वजन आणि रिस्ट्रिक्टरने (इंजिनाची ताकद आवळणारी सोय) जुळवायचं? आणि किती द्यायचं हे ठरवायचं कसं?

लेट_ब्रेकर

पातळीला हात लावू नका, निदान आत्ता तरी. पातळी म्हणजे ड्रायव्हर किती चांगला; गाडी किती चांगली हे ठरवायची ती जागा नव्हे. तुमच्या मॉड गाडीची ताकद इंजिनात जास्त आहे आणि तुम्ही शिक्षा ड्रायव्हरला करताय. मोंझावर ती खपून जाते कारण तिथे इंजिनाचा फायदाच मोठा. माजिओने अडीच किलोमीटरचा वळणावळणाचा ट्रॅक, तिथे इंजिनाचा फायदा उरत नाही, कमी केलेली पातळी मात्र तशीच राहते.

क्रम असा ठेवा: आधी गाड्या एकमेकींशी जुळवा, मग वर्ग एकमेकांशी, आणि सगळ्यात शेवटी सगळ्यांची पातळी एकदम वरखाली करून ती तुमच्या वेगाशी जुळवा.

मोजायचं असं. सगळ्यांची पातळी एकच, ९५ किंवा १००. एक लांब सरळ रस्त्यांचा ट्रॅक घ्या (मोंझा चालेल) आणि एक वळणांचा. प्रत्येक गाडी एकटी पळवा. घोळक्यात मोजलेले आकडे कचरा असतात, कारण मागची गाडी पुढचीच्या हवेत ओढली जाते नाहीतर वळणात अडते. तुमच्या गाडीत बसून कंट्रोल आणि सी दाबलं की एआय ती गाडी हातात घेतो, तेच वापरा. पाच-सहा लॅप होऊ द्या, पहिली सोडून द्या, उरलेल्यांतली मधली वेळ धरा. सर्वात वेगवान लॅप धरू नका. सेक्टरच्या वेळा आणि सर्वात लांब सरळ रस्त्याच्या शेवटचा वेग लिहून ठेवा.

मोजण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, टायर. एआय गाडीच्या डेटामध्ये जो टायर मूळ म्हणून लिहिलाय तोच लावतो. एका मॉडला सॉफ्ट आणि बाकीच्यांना मीडियम असेल तर पुढचं सगळं गणित फुकट. दोन, पेट्रोल. एका लिटरचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे ९० लिटर भरून पळवलेली गाडी आणि २० लिटरवाली यांत ५० किलोंहून जास्त फरक पडतो.

आकडे टाका, मग पुढे बोलू.

रेव्ह_लिमिट

दुसऱ्या गाडीबद्दल. पातळी १०० करूनही फरक पडत नाही म्हणजे ती बहुतेक गिअरमध्ये अडकली आहे. रिप्लेमध्ये तिच्यावर कॅमेरा लावून आवाज ऐका. लिमिटरला (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) आपटत टर्र टर्र करत असेल किंवा सरळ रस्त्यावर दोन गिअरमध्ये वरखाली करत असेल, तर दोष गाडीच्या एआय फाइलमध्ये आहे.

कंटेंट मॅनेजरमधून गाडीचा डेटा अनपॅक करा आणि मूळ डेटा.एसीडी फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवा, म्हणजे गेम नवा फोल्डर वाचेल. त्यात एआय.आयएनआय उघडा. ‘गिअर्स’ भागात ‘अप’ आणि ‘डाउन’ असे दोन आकडे दिसतील: किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) वरचा गिअर टाकायचा, किती आरपीएमला खालचा. इंजिन.आयएनआयमध्ये ‘लिमिटर’चा आकडा आहे. ‘अप’ हा लिमिटरपेक्षा २०० ते ३०० ने कमी हवा. पुष्कळ मॉडमध्ये ही फाइल दुसऱ्याच गाडीची उचलून चिकटवलेली असते.

‘डाउन’ अंदाजाने ठरवू नका, गणित करा. वरचा गिअर पडल्यावर आरपीएम किती उरतात ते गिअरच्या गुणोत्तरावरून निघतं. समजा ‘अप’ ७००० आहे आणि चौथ्या-पाचव्या गिअरची गुणोत्तरं १.३० आणि १.०५. मग ७००० × १.०५ ÷ १.३० = साधारण ५६५०. इथे ‘डाउन’ ५८०० असेल तर एआय पाचवा टाकतो, आरपीएम ५६५० ला येतात, तो लगेच चौथा टाकतो, पुन्हा पाचवा, आणि सरळ रस्ता संपेपर्यंत हाच खेळ. हिशोब सगळ्यात मोठ्या उडीवर करायचा, ती सहसा खालच्या गिअरमध्ये असते: २.६० वरून १.९० असेल तर ७००० चे ५११५ होतात. म्हणजे ‘डाउन’ ४९०० च्या आसपास ठेवला की कुठेच घोळ होत नाही.

त्याच फाइलमध्ये ‘अल्ट्राग्रिप’ नावाचा भाग असला तर त्याची किंमत बघा. ती फक्त एआयची पकड वाढवते. १ पेक्षा जास्त असेल तर ती गाडी एआयच्या हातात वळणात चिकटून जाते, तुमच्या हातात मात्र नाही. जुळवाजुळव करायची असेल तर सगळ्या गाड्यांना १ करा.

तिसरा_गिअर

धन्यवाद दोघांनाही. रेव्ह_लिमिट, नेमकं तेच निघालं. दुसऱ्या मॉडमध्ये ‘अप’ ८७०० आणि लिमिटर ८५००! ‘अप’ ८२५०, ‘डाउन’ ५८०० केलं, आता ती मधल्या घोळक्यात आहे.

पहिल्या मॉडचे आकडे, बाकीच्या जीटी३ च्या मधल्या वेळेशी तुलना करून: मोंझावर लॅपमागे १.१ सेकंद पुढे, सरळ रस्त्याच्या शेवटी वेग ९ किमी जास्त (२७० ऐवजी २७९). माजिओनेवर फक्त ०.१ सेकंद पुढे. टायर सारखे, अल्ट्राग्रिप सगळ्यांना १.

लेट_ब्रेकर

झकास, या आकड्यांवरून बोलता येतं. वळणात गाडी बाकीच्यांसारखीच आहे, फरक सगळा सरळ रस्त्यावर. मग वजन टाकू नका. वजनाने वेग घ्यायला वेळ लागतो, ब्रेकिंग लांबतं, वळणातली पकड कमी होते, पण सर्वोच्च वेग जवळपास तसाच राहतो. म्हणजे जिथे ती बरोबर आहे तिथे मार खाईल आणि जिथे पळते तिथे पळतच राहील. रिस्ट्रिक्टर उलट: वरच्या आरपीएमला इंजिनाचा गळा आवळतो, हळू वळणातून निघताना फारसा जाणवत नाही.

किती द्यायचा? मोठ्या वेगात हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २७० चे २७९ म्हणजे ३.३ टक्के वेग जास्त, म्हणजे साधारण १० टक्के ताकद जास्त. पण रिस्ट्रिक्टरच्या आकड्याला ताकदीची टक्केवारी समजू नका, १० टाकलं म्हणजे १० टक्के कमी असं नसतं. थोडा थोडा वाढवत जा, दरवेळी सरळ रस्त्याच्या शेवटचा वेग बघा, २७० ते २७१ ला आला की थांबा. मग माजिओनेवर एकदा तपासा.

एरो_अण्णा

थांबा, रिस्ट्रिक्टरच्या आधी एक गोष्ट तपासा. सर्वोच्च वेग जास्त असण्याची दोन कारणं असू शकतात: ताकद जास्त, किंवा हवेचा विरोध कमी. १०० वरून २०० किमीला जायला लागणारा वेळ मोजा. बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी असेल तर इंजिन. जवळपास सारखाच असेल आणि फरक २३० च्या पुढेच पडत असेल, तर मॉडवाल्याने ड्रॅग (हवेचा विरोध) कमी धरलाय. मग रिस्ट्रिक्टर लावल्यावर वळणातून निघताना ती गाडी मरगळेल. तेव्हा एरो.आयएनआयमध्ये पंखांचा ‘सीडी गेन’ वाढवायचा, ५ टक्क्यांच्या टप्प्याने. ‘सीएल गेन’ला हात लावू नका, तो डाउनफोर्सचा (गाडीला रस्त्यावर दाबणाऱ्या हवेच्या जोराचा) आहे.

तिसरा_गिअर

१०० ते २०० मध्ये तीच पुढे आहे, चांगलीच. म्हणजे इंजिन. रिस्ट्रिक्टर लावतो. एक शंका: मूळ आठ गाड्यांमध्येही थोडा फरक आहे. त्यांतली सगळ्यात हळू गाडी कशी वाढवायची? वजन उणे टाकता येत नाही.

लेट_ब्रेकर

वाढवायची नाही. सगळ्यात हळू गाडी पायाला धरा आणि बाकीच्यांना तिच्यापर्यंत खाली आणा. १३०० किलो आणि ५०० एचपीच्या गाडीत एका अश्वशक्तीमागे २.६ किलो येतात. ३० किलो टाकले की २.६६, म्हणजे सव्वादोन टक्क्यांचा फटका. जीटी३ मध्ये तो दिसतो. म्हणून १० किलोंच्या टप्प्याने जा. खूप वजन टाकल्यावर एआय वळणात बाहेर फेकला जातोय असं दिसलं तर मागे या.

आणि अर्ध्या सेकंदाचा फरक राहू द्या! सगळ्या गाड्या दशांश सेकंदापर्यंत सारख्या केल्या तर कोणी कोणाला ओलांडत नाही, आगगाडीसारखी रांग लागते. ट्रॅकप्रमाणे वेगळी गाडी पुढे असणं हीच जीटी३ ची मजा. आता एका वर्गात पातळी ९२ ते ९६ अशी पसरवा. इथे पातळी वापरायला हरकत नाही, कारण आता ती खरोखर ड्रायव्हरचा फरक दाखवते.

पिट_विंडो

तिसऱ्या अडचणीचा उपाय बराचसा ग्रिडमध्येच आहे. या गेमच्या एआयला वर्ग कळत नाहीत, समोर हळू गाडी आहे एवढंच कळतं. क्रम रँडम ठेवला की पहिल्याच लॅपला दहा वेगवान गाड्या सहा हळू गाड्यांच्या मागे सापडतात. जीटी३ सगळ्या पुढे, जीटी४ सगळ्या मागे लावा.

मग लॅप किती ठेवायच्या? समजा जीटी३ ची लॅप १४० सेकंदांची, जीटी४ ची १५४. पूर्ण एक लॅप पुढे जायला १४० × १५४ ÷ १४ = १५४० सेकंद, म्हणजे जीटी३ च्या ११ लॅप. शेवटची जीटी४ घोळक्यातून मागे पडलेली असते, म्हणून प्रत्यक्षात गाठ एक-दोन लॅप आधी पडते. ८ लॅपची रेस लावली तर अडकण्याचा प्रश्नच येत नाही. मुद्दाम ओव्हरटेकिंग हवं असेल तर १५ लावा आणि जीटी३ ची आक्रमकता वाढवा. एक-दोन गाड्या ठोकल्या जातीलच, ते धरून चाला.

वर्गांतला फरक खूप कमी ठेवू नका. लॅपमागे पाच-सहा सेकंदच फरक असेल तर जीटी४ सरळ रस्त्यावर जीटी३ ला सोडत नाही आणि वळणात भिंत होऊन बसते. मिश्र वर्गाची खरी सोय हवी असेल तर ऑटोमोबिलिस्टा २ कडे बघा. तिथे एआय पातळी १२० पर्यंत जाते आणि वर्गागणिक एका फाइलमध्ये प्रत्येक ड्रायव्हरची रेसमधली, क्वालिफाइंगमधली आणि पावसातली कुवत वेगवेगळी लिहिता येते.

तिसरा_गिअर

हे सगळं नंतर मित्रांबरोबर सर्व्हरवर चालेल का?

रेव्ह_लिमिट

फाइलींमधले बदल नाही चालणार. सर्व्हर गाडीच्या डेटाचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) तपासतो, तुमचा एआय.आयएनआय बदललेला असला तर आतच घेणार नाही. ऑनलाइन जाण्याआधी अनपॅक केलेलं फोल्डर काढा आणि मूळ डेटा.एसीडीचं नाव पूर्ववत करा. वजन आणि रिस्ट्रिक्टर मात्र चालतात, ते सर्व्हरच्या एंट्री लिस्टमध्ये प्रत्येक गाडीसमोर लिहायचे असतात. ऑफलाइन जमवलेले आकडे तिथे जसेच्या तसे टाका. फक्त एक बघा: माणसं एआयसारखी मूळ सेटअपवर बसून राहत नाहीत. सेटअपमध्ये गिअरची गुणोत्तरं बदलून ती रिस्ट्रिक्टरने गेलेल्या वेगाचा थोडा भाग परत मिळवतात, म्हणून पहिल्या मॉडचा वेग सर्व्हरवर पुन्हा मोजा.