दापोली सहल : उन्हवऱ्याला जायचं का?

बी-१०२ : नमस्कार मंडळी. दापोलीसाठी १७ जण पक्के झाले. शनिवारी मुरूड-कर्द्याचा समुद्र. रविवारी खेडमार्गे परतताना उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर थांबावं असं मनात आहे. आईचे गुडघे फार दुखतात हो, तिला एकदा न्यायचंच आहे.

ए-४०१ : आम्ही तयार. पण तिथे खाली ज्वालामुखी आहे का? लेक सकाळपासून विचारतेय.

सी-३०४ : अहो, माझं माहेर दापोलीचं. ज्वालामुखी मुळीच नाही, लेकीला सांगा. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटर खाली गेलं की साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून झपकन वर येतं, वाटेत निवायला वेळच मिळत नाही. पालघरपासून राजापूरपर्यंत असे झरे ओळीने आहेत. आणि नावं बघा ना, पालीजवळ उन्हेरे, दापोलीत उन्हवरे, राजापूरला उन्हाळे. सगळीकडे आपलं ‘ऊन पाणी’च!

ए-४०१ : वा, हे लक्षातच आलं नव्हतं. पुरचुंडीत तांदूळ बांधून सोडले तर भात शिजतो म्हणतात?

सी-३०४ : तो मणिकरणला, तिकडे हिमाचलात. तिथलं पाणी जवळजवळ उकळतं असतं. उन्हवऱ्याचं ७० अंशांच्या आसपास. भात नाही होणार, पण अंग नक्की भाजेल, म्हणून मुलांचा हात सोडू नका. जिथे झरा निघतो तिथे कुणीही पाय घालायचा नाही. अंघोळीच्या कुंडातसुद्धा आधी बोट बुडवून बघायचं, मग तांब्याने पायावर पाणी घ्यायचं, मग गुडघ्यावर. माझी आई असंच करायची आणि आम्हाला पायरीवर बसवून ठेवायची. थंडीतल्या सकाळी वाफेत समोरचं माणूस दिसत नसे. पाण्याला गंधकाचा वास येतो. बायकांनो, चांदीचे पैंजण-जोडवी काढून ठेवा, काळी पडतात. माझे लग्नातले पैंजण तिथेच काळे पडले होते, आईने रांगोळीने घासून दिले.

ई-२०१ (डॉक्टर) : काकूंचं बरोबर आहे. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं आणि उठताना चक्कर येते. आजींनी कुंडात उतरू नये, काठावर बसून गुडघ्यांवर पाच-सात मिनिटं पाणी घ्यावं. शेकाने आखडलेपणा थोडा सैल होईल, पण झीज भरून येत नाही, तेव्हा गोळ्या चालूच ठेवा. हृदयविकार असेल किंवा दिवस गेलेले असतील तर कुंडात जाऊ नका.

बी-१०२ : डॉक्टर, फार बरं झालं विचारलं. मागे सासूबाई दुसऱ्या एका कुंडात उपाशीपोटी अर्धा तास बसल्या आणि पायरीवरच कोसळल्या. अजून आठवलं की धस्स होतं.

सी-३०४ : म्हणून थोडं खाऊनच जायचं. आणखी एक, अगदी कळकळीने सांगते. कुंडात साबण, शाम्पू, उटणं काहीही न्यायचं नाही. त्या पाण्यावर गावकऱ्यांची श्रद्धा आहे, त्यांची रोजची अंघोळही तिथेच. आपण दोन तासांसाठी जाणार. सात-आठ जणांनी साबण लावला की पाण्यावर साय धरल्यासारखा फेस येतो, मी पाहिलंय, जीव तुटतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या पिशवीत घालून परत आणू.

डी-५०३ : पन्हाळेकाजीची लेणी तिकडेच ना?

सी-३०४ : हो, कोटजाई नदीकाठी, २९ लेणी. उन्हाचं चढायला नको, म्हणून आधी लेणी, मग कुंड. दापोली सकाळी ६ ला सोडली तर निवांत होईल.

बी-१०२ : ठरलं. रविवारी ६. आईला सांगितलं, तिने आत्ताच कपाटातून तांब्या काढून ठेवलाय.