पिंटरेस्टचे बोर्ड भरण्यापेक्षा 16 पानं छापून दाखवा
(चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

चौथा फर्मा
उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला ‘प्रेरणा’ या नावाखाली परदेशी झाइनांच्या (स्वतः छापून काढलेल्या छोट्या पुस्तिकांच्या) फोटोंचा बोर्ड लावायची पद्धत पडली आहे. माझा तिला विरोध आहे. फोटोत कागदाची जाडी दिसत नाही, घडी दिसत नाही, आणि छापणाऱ्यापुढे काय अडचण होती ती तर अजिबात दिसत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने ए5 आकाराचं, 16 पानी, एकरंगी पुस्तक करावं. प्रती 40.

हिशेब सोपा आहे. एका प्रतीला चार ए4 कागद, म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठ छाप. 40 प्रतींना 160 कागद, 320 छाप. खराबा 10 टक्के धरून 44 प्रतींचा कागद घ्या, एका रिमात भागतं. झेरॉक्सच्या एका छापाला दोन रुपये धरले तर आतली पानं साधारण 700 रुपयांत होतात. मुखपृष्ठाला 210 जीएसएमचं (चौरस मीटरला 210 ग्रॅम वजनाचं) कार्ड.

पानांची जुळणी हातानेच करा. कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी छापल्या जाणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज 17 यायला हवी: सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला 16 आणि 1, दुसऱ्या बाजूला 2 आणि 15, पुढच्याला 14 आणि 3, मग 4 आणि 13. छापताना ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ निवडा, नाहीतर दर दुसरी बाजू उलटी येते. आणि ‘फिट टू पेज’ बंद ठेवा. ते चालू राहिलं की मजकूर तीन-चार टक्के लहान होतो आणि समास कुठलेच जुळत नाहीत.

हे आपल्याकडे नवीन नाही. ‘शब्द’ हे लघुनियतकालिक (लेखकांनी स्वतःच काढलेला छोटा अंक) सायक्लोस्टाइलवर, म्हणजे टंकलेल्या स्टेन्सिलमधून शाई उतरवणाऱ्या साध्या यंत्रावर निघत होतं. अशोक शहाण्यांचं ‘असो’ हे लघुनियतकालिक 1963चं. अरुण कोलटकर जे. जे.मध्ये शिकले, जाहिरातीत नाव कमावलं, आणि 1976 साली ‘जेजुरी’ हे त्यांचं कवितांचं पुस्तक ज्या क्लिअरिंग हाउस प्रकाशनाने काढलं ते कवींनीच एकत्र येऊन उभं केलेलं होतं. प्रेरणा हवी असेल तर ती इथे आहे.

पिक्सेलपंत
भावना पोहोचल्या. पण नोकरी देणारा पीडीएफ मागतो, पिन मारलेलं पुस्तक नाही. 40 प्रतींपैकी 35 वर्गातच वाटल्या जाणार हे तुम्हालाही माहीत आहे. हाताने जुळणी करायला लावणं म्हणजे कॅलक्युलेटर असताना पाढे म्हणून घेणं. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रिंट बुकलेट’ आहे, पीडीएफच्या ॲक्रोबॅटमध्ये ‘बुकलेट’ आहे; पानं आपोआप जुळतात.

दुसरं, लघुनियतकालिकांचं उदात्तीकरण पुरे. सायक्लोस्टाइल ही शैली नव्हती, खिशाची मर्यादा होती. परवडलं असतं तर त्यांनी ऑफसेटवर (प्लेटा करून छापणाऱ्या प्रेसवर) छापलं असतं. तुम्ही विद्यार्थ्याला त्या गरिबीची नक्कल करायला सांगताय, आणि पिंटरेस्टवाल्याला नक्कलखोर म्हणताय!

बोर्डात चूक नाही, बोर्ड मुका असतो ही चूक आहे. शंभर चित्रं साठवू नका, दहा साठवा. प्रत्येकाखाली लिहा: मूळ आकार मिलिमीटरमध्ये, किती रंग, कोणता टाइप (अक्षरवळण), ग्रिडमध्ये (पानाच्या आखणीत) किती स्तंभ, छपाईची पद्धत. ज्याची पद्धत ओळखता आली नाही ते चित्र काढून टाका. एवढं केलं तरी वर्षभराचा अभ्यास होतो, कागद न नासता.

चौथा फर्मा
खिशाच्या मर्यादेत घेतलेले निर्णय हेही निर्णयच असतात. स्टेन्सिलवर एकदा टंकलेलं अक्षर सहज मोठं करता येत नाही, म्हणून जोर द्यायचा तर जागा मोकळी सोडावी लागते. हे शिकायला सायक्लोस्टाइल मशीन शोधायची गरज नाही. एकच टाइप, एकच आकार, एकच रंग घ्या आणि 16 पानं भरून दाखवा. तुमचं ‘प्रिंट बुकलेट’ वापरायला माझी हरकत नाही, पण पहिली डमी (नमुना प्रत) कोऱ्या कागदाची, पेन्सिलीने क्रमांक घालून. जो ती करत नाही त्याला दोन पानांवर पसरलेलं चित्र फक्त मधल्या पानांवर, म्हणजे 8 आणि 9 वर, सलग मिळतं हे कळतच नाही. बाकी सगळीकडे चित्राचे दोन भाग वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात आणि घडीपाशी मिलिमीटरभर तरी सरकतात.

शाईचा डाग
एकरंगी झेरॉक्सवर का अडायचं? रिसोग्राफ बघा. दिसायला झेरॉक्स, आतून स्टेन्सिल छपाई: मशीन मास्टरवर (स्टेन्सिलच्या पातळ कागदावर) उष्णतेने बारीक भोकं पाडतं, मास्टर ड्रमला गुंडाळतं आणि शाई त्यातून कागदावर उतरते. दर ड्रमला एक रंग. खर्च मुख्यतः मास्टरचा असल्यामुळे दहा प्रतींना महाग, शंभर प्रतींना स्वस्त.

फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या नेहमीच्या चार रंगांत) देऊ नका. प्रत्येक रंगासाठी वेगळी ग्रेस्केल (फक्त काळ्या-राखाडी छटांची) फाइल द्या. काळा म्हणजे त्या रंगाची पूर्ण शाई, राखाडी म्हणजे फिका. रंग एकमेकांवर चढू द्या, खालचा कापून काढू नका. नोंदणी (एका रंगाचं दुसऱ्यावर नेमकं बसणं) एक-दोन मिलिमीटर हलणारच, कापलेला भाग असेल तर पांढरी फट दिसते. मोठे भरीव भाग 80-85 टक्क्यांवर ठेवा. शंभर टक्के शाई, तीही कागदाच्या पुढच्या कडेला, असेल तर कागद ड्रमला चिकटून आत ओढला जातो. कडेपर्यंत छापता येत नाही, म्हणून ब्लीड (कागदाच्या कडेपर्यंत भिडणारी छपाई) हवा असेल तर मोठ्या कागदावर छापून कटिंग करा. गुळगुळीत कोटिंगचा आर्ट पेपर चालणार नाही, शाई वाळतच नाही. मॅपलिथो किंवा दुसरा कोणताही बिनकोटिंगचा कागद घ्या. एक बाजू छापून झाल्यावर दुसरी बाजू निदान काही तासांनी, जमल्यास दुसऱ्या दिवशी.

दोन रंगांत तिसरा कसा तयार होतो हे पडद्यावर शिकवून कळत नाही.

खिळेजुळारी
रिसोबद्दलची माहिती बरोबर, सल्ला चुकीचा. जगभरची रिसो झाइनं शेजारी ठेवा: फ्लुओरेसंट गुलाबी, निळा, वर दाणेदार छटा. मशीनचा गुणधर्म हाच डिझाइनरचा गुण म्हणून खपवला जातो. विद्यार्थी पहिल्याच प्रयत्नात ‘छान’ दिसणारं काम करतो आणि तिथेच थांबतो. झेरॉक्स काहीही फुकट देत नाही, म्हणून शिकायला तेच बरं.

फक्त ते नीट करा. दुकानातल्या मशीनवर मोठा काळा भाग मधे फिका पडतो आणि प्रतीगणिक बदलतो, तेव्हा भरीव काळ्याऐवजी रेषांचा पोत वापरा. फोटो ग्रेस्केलमध्ये पाठवाल तर मशीन आपल्या मनाने जाळी (छटांऐवजी ठिपके) पाडतं. आधीच 60 ते 85 लाइनची (इंचाला तितक्या ओळींची) जाळी टाकून बिटमॅप (फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र) करून न्या, आणि तो बिटमॅप नंतर लहानमोठा करू नका, मोआरे (नको असलेली लहरींची नक्षी) येतो. कडेचे पाच मिलिमीटर छापले जात नाहीत असं धरून चाला. मजकुराचा काळा म्हणजे फक्त के 100 (निव्वळ काळी शाई). आरजीबी (पडद्याच्या रंगांतला) काळा रंगीत मशीनवर चार रंगांचा होतो आणि अक्षरांना कडेला झालर येते.

ऑफसेटचा मोह झाला तर: प्रेस बहुतेक वेळा 1000 छापांचा किमान दर लावते, शिवाय प्लेटा. डेमी 1/8 (डेमी कागदाच्या आठव्या भागाएवढ्या) आकाराचा 16 पानांचा फर्मा (एका कागदावर एकत्र छापायची पानं) 18 × 23 इंची कागदावर बसतो. तीनशे-चारशे प्रतींच्या खाली त्या वाटेला जाऊ नका.

मात्रा वेलांटी
वर इतकं लिहिलं गेलं आणि मराठी अक्षरांबद्दल एक ओळ नाही. झाइन फसतं ते तिथे.

इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटतात. परिच्छेदाची भाषा मराठी ठेवा. ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं दिलेली आहेत त्यात ती तेव्हाच येतात, नाहीतर हिंदी वळण. त्याऐवजी स्क्रायबस हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर 1.6 आवृत्ती घ्या, जुन्या 1.4 मध्ये देवनागरी जुळतच नाही. प्रेसला देताना फॉन्ट आतच घातलेली (एम्बेड केलेली) पीडीएफ द्या. उघडी फाइल दिली आणि तिथल्या संगणकावर जुन्या श्रीलिपी फॉन्टांचं काम चालत असेल तर ‘दुसऱ्या’मधला ऱ्या हमखास मोडणार. प्रूफमध्ये आधी तोच शब्द शोधा.

ओळींमधलं अंतर रोमनच्या सवयीने ठेवू नका. 10.5 पॉइंटला निदान 15.5 ते 16. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडली की पान काळवंडतं. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट सोडा. मराठीला शब्द तोडण्याची सोय नीट नाही, आणि ‘महाराष्ट्रातल्यांसारखा’ छापाचा शब्द आला की आधीच्या ओळीत खिंडारं पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं.

टाइप मोफत हवा तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, विकायच्या पुस्तकातही चालतात. आणि कृपा करून काळ्यावर पांढरा मजकूर बारीक वजनात देऊ नका. टोनर (झेरॉक्सची भुकटीची शाई) पसरतो, ध आणि घ सारखेच दिसायला लागतात.

पिक्सेलपंत
हे सगळं उत्तम, पण हे निर्मितीचं शिक्षण झालं. धाग्याचा विषय प्रेरणा होता. पिन कशी मारायची हे कळल्याने काय छापायचं ते सुचत नाही. 44 प्रतींचा कागद नीट दुमडलेला आणि आत इन्स्टाग्रामवरचीच सुभाषितं, असंच होणार.

दाभण
पंतांना उत्तर देण्याआधी कागद, कारण तो सगळ्यांनीच सोडला.

बाजारातला ए4 कागद बहुधा लाँग-ग्रेन असतो, तंतू 297 मिलिमीटरच्या बाजूने. तो दुमडून ए5 केला की घडी तंतूंना आडवी जाते. पातळ कागद निभावतो, पण कार्डावर घडीत टोनर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. उपाय: लाँग-ग्रेन ए3 घ्या आणि मधोमध कापा. मिळणाऱ्या ए4मध्ये तंतू आखूड बाजूने, म्हणजे घडीला समांतर येतात. ओळखायचं कसं? कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा, ज्या दिशेने सहज वाकतो तिथे घडी. कार्डाला तरीही क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून खाच) करून घ्याच.

साधा स्टेपलर घडीपर्यंत पोहोचत नाही. लांब दांड्याचा (लाँग-आर्म) नसेल तर स्टेपलर उघडा, खाली थर्माकोल ठेवा, पिन टोचा आणि मागचे पाय चमच्याने वाकवा. त्याहून बरी तीन भोकांची शिवण: दाभणाने भोकं, मेण लावलेला सुती दोरा, मधल्या भोकातून आतून सुरुवात, गाठ आतच. कडा कापायच्या त्या शिवल्यानंतर, सुरी बदलून. 16 पानांत आतली पानं अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बाहेर येत नाहीत, पण 48 पानांत मिलिमीटरच्या वर जातात आणि आतल्या पानांचा बाहेरचा समास कापला जातो.

आता पंत. काय छापायचं ते सुचत नाही, कारण 16 पानांची लांबी डोक्यात नसते. लांबी ठरली की विषय आपोआप अरुंद होतो. ‘माझं शहर’ 16 पानांत मावत नाही. एका गल्लीतल्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांमधला फक्त ‘र’ मावतो.

कलाभवन बाक 3
बडोद्याहून गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी 1969 ते 1973 ‘वृश्चिक’ काढलं. चित्रकारांनी स्वतः चालवलेलं नियतकालिक. एशिया आर्ट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर त्याचे अंक पाहता येतात. बोर्ड लावायचाच असेल तर एका नियतकालिकाचे सलग अंक लावा. एकेकट्या सुंदर मुखपृष्ठापेक्षा, अंकागणिक काय बदललं आणि काय तसंच राहिलं यातून संपादन दिसतं. पंतांचं टिपणांचं म्हणणं मला इथे पटतं, फक्त वस्तू चुकीची निवडली जाते.

कलम आणि कात्री
जुन्या दिवाळी अंकांतली चित्रं कापून कोलाज करणाऱ्यांसाठी. भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. दीनानाथ दलाल 1971 साली गेले, म्हणजे त्यांची चित्रं 2031 संपेपर्यंत मोकळी नाहीत. फोटोंना प्रसिद्धीपासून 60 वर्षं. ‘फक्त 40 प्रती’ म्हणून विक्रीला सूट मिळत नाही.

आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) भारतात फुकट मिळतो, पण 16 पानांना त्याची गरज नाही. अंक 1, अंक 2 असं ठरावीक अंतराने काढून त्यात चालू घडामोडींवर टिप्पणी करणार असाल तर ते नियतकालिकात मोडतं आणि 2023च्या नियतकालिक नोंदणी कायद्याखाली नोंदणीचा प्रश्न येतो. सुटं पुस्तक काढलं तर येत नाही. मात्र ग्रंथालयांना पुस्तकं देण्याच्या 1954च्या कायद्यात पुस्तिकाही पुस्तकातच धरली आहे: प्रकाशनानंतर 30 दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक. पाळणारे थोडे. पण पाळलं तर तुमचं 16 पानी पुस्तक राष्ट्रीय ग्रंथालयात जातं, आणि टपालाचा खर्च तेवढा येतो.

पिक्सेलपंत
शेवटच्या मुद्द्याने माझ्यासारख्या पीडीएफवाल्यालाही विचारात पाडलं. तरी 40 प्रतींवर माझा आक्षेप कायम आहे. आधी पाच काढा, पाच अनोळखी वाचकांना द्या, ते कुठल्या पानावर अडतात ते बघा, मग उरलेल्या छापा. पडद्यावरच्या कामाला आपण चाचणी म्हणतो, छापील कामाला ती का नको?

चौथा फर्मा
हवीच. पाच मान्य, पण त्याच कागदावर आणि त्याच मशीनवर. घरच्या इंकजेटवर काढलेल्या पाच प्रती मी चाचणीत धरणार नाही. इंकजेटचा काळा आणि टोनरचा काळा वेगळा पडतो, आणि 10.5 पॉइंटला तेवढ्यानेच वाचणं बदलतं.