चेंगदू-शीआनला तिथल्या लोकल हॉटेलात काय खावं? बीफ-पोर्क नको, सोबत एक माळकरी

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी, कंपनीच्या कामाने चीनमध्ये चेंगदूला जायचंय, सातपूरच्या प्लांटसाठी मशीन घेतोय त्याचं ट्रेनिंग आहे, आणि मग सुट्टी टाकून शीआन पण बघणार. एवढ्या लांब जाऊन इंडियन रेस्टॉरंट शोधत फिरायचं आणि पनीर खाऊन परत यायचं हे मला अजिबात पटत नाही, तिथली माणसं रोज जेवतात तिथेच बसून जेवायचंय. मी चिकन, मटण, मासे, अंडी सगळं खाते, फक्त बीफ आणि पोर्क नाही. पण सोबतचे सिनियर माळकरी आहेत आणि आमचं जाणं चातुर्मासात येतंय म्हणजे त्यांचं कांदा-लसूण-वांगं पण बंद. त्यांची उपासमार व्हायला नको. काय मागवायचं, कसं सांगायचं? कुणी राहून आलंय का तिकडे?

पंचवटीचा
ताई, मी कामानिमित्त चेंगदूला राहिलोय, बिनधास्त जा, खाण्यासाठी यासारखं गाव नाही. आधी मंचुरियन डोक्यातून काढून टाका, तो आपल्या मुंबईत जन्मला, तिकडे मेन्यूवर सापडणार नाही.
तिथलं तिखट आपल्यापेक्षा वेगळं लागतं कारण त्यात ह्वाज्याओ असते, दिसायला मिरीसारखी, कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालतात ना त्याच कुळातली. दाताखाली आली की आधी लिंबाच्या सालीसारखा वास येतो आणि मग ओठ, जीभ मुंग्या आल्यासारखी बधिर होते, घाबरू नका, ते तसंच असतं आणि दोन-चार घासांनंतर आवडायलाच लागतं.
तुम्ही चिकन खाता तर पहिल्या दिवशी गोंगबाओ जीडिंग मागवा. चिकनचे बारीक तुकडे, शेंगदाणे, सुक्या लाल मिरच्या, थोडं आंबट-गोड. १९ व्या शतकात डिंग बाओझेन नावाचे सिचुआन प्रांताचे (चेंगदू ज्यात येतं तो) गव्हर्नर होते, त्यांच्या पदवीवरून हे नाव पडलं. मिरच्या बाजूला सारायच्या, चावायच्या नाहीत.
मापो तोफू, म्हणजे तिखट रश्श्यातलं सोयाचं पनीर, चेंगदूचीच, १८६२ च्या सुमारास एका छोट्या खानावळीत सुरू झाली असं सांगतात. पण सावध, ओरिजिनल मापोत बीफचा खिमा असतो आणि बाकी ठिकाणी बरेचदा पोर्कचा. दानदान नूडल्सवर पण पोर्कचा खिमा. आणि तिकडे नुसतं 'रोउ' (मांस) म्हटलं की पोर्कच समजायचं. यूश्यांग वांगी भारी लागतात, तुम्ही खाल्लीच पाहिजेत, पण त्यातही खिमा आहे का विचारून घ्या.
आणखी एक, प्रत्येकाने आपली आपली प्लेट मागवू नका. सगळे पदार्थ मधे ठेवतात आणि वाटून खातात. भात वेगळा सांगायचा, 'मीफान' म्हणायचं.

सिन्नरकर
शीआनचं मी सांगतो. तिकडे भातापेक्षा गव्हाचं राज्य आहे, आपल्या लोकांना लगेच रुचतं. यांगरोउ पाओमो चुकवूच नका. रिकामा वाडगा आणि कडक जाड रोटी देतात, ती तुम्ही स्वतः बसून हरभऱ्याएवढे तुकडे होईपर्यंत तोडायची, अगदी भाकरी रश्श्यात कुस्करतो तशी, फक्त खूप बारीक. मग वाडगा आत जातो आणि मटणाचा रस्सा, शेवया, मटण घालून शिजवून परत येतो, सोबत लसणाचं गोडसर लोणचं. मोठे तुकडे केले तर आतपर्यंत रस्सा मुरत नाही, म्हणून घाई करू नका, लोकल म्हातारे गप्पा मारत निवांत तोडत बसलेले असतात.
मुस्लिम क्वार्टरमध्ये खाल्लंत तर पोर्कची चिंताच नाही, पण बीफ असतं. 'यांग' म्हणजे मटण, 'न्यू' म्हणजे बीफ, एवढं पाठ करून ठेवा. जिरं-तिखट लावलेले मटणाचे सीख रस्त्यावरच मिळतात. सिनियरसाठी ल्यांगपी म्हणून थंड नूडल्स असतात, काकडी, तिखटाचं तेल, व्हिनेगर घालून, मांस नसतं पण लसणाचं पाणी घालतात, ते आधीच नको म्हणून सांगा.

गोदाकाठची
माळकरी काकांसाठी देवळाच्या खानावळी हा एकदम योग्य मार्ग आहे, बाकी ठिकाणी समजावत बसण्यापेक्षा. चिनी बौद्ध परंपरेतल्या शाकाहारात कांदा-लसूण पण वर्ज्य असतो, त्यामुळे वेगळं काही सांगावंच लागत नाही, वांगं तेवढं बघून घ्या. चेंगदूला वेन्शू मठात (वेन्शू म्हणजे आपला बोधिसत्त्व मंजुश्री) व्हेज रेस्टॉरंट आहे, मेट्रो लाइन १ चं स्टेशन त्याच नावाचं आहे. मात्र काकांना आधीच सांगून ठेवा, तिथे सोया आणि गव्हाच्या चिकट भागापासून हुबेहूब मासा, मटण दिसणारे पदार्थ करतात, ताट समोर आल्यावर ते उठून जायला नकोत.
बाहेर जेवताना 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी आहे. पण एवढ्यावर थांबू नका, मांसाचे तुकडे नसले की झालं व्हेज असं बऱ्याच जणांना वाटतं, रस्सा हाडांचा, तेलाच्या जागी डुकराची चरबी, ऑयस्टर सॉस असं काहीही असू शकतं. सगळं चिनीत लिहून फोनमध्ये फोटो ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा. गुगल तिकडे नीट चालत नाही, ट्रान्सलेशनचं अ‍ॅप आणि पैसे देण्यासाठी अलीपे इथूनच टाकून जा, टेबलवरचा क्यूआर स्कॅन करून ऑर्डर द्यायची पद्धत आहे.

गंगापूररोडकर
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! वेन्शू मठाचं काकांना सांगितलं, ते खूश झाले. एक राहिलं, तिथल्या कंपनीवाले हॉटपॉटला (टेबलवरच्या उकळत्या रश्श्यात सगळं बुडवून शिजवून खातात ते) नेणार म्हणालेत, त्यात मी काय करू?

पंचवटीचा
बरं झालं विचारलंत. हॉटपॉटचा लाल रस्सा बहुतेक वेळा बीफच्या चरबीत करतात, वरून बघून कळणार नाही. तुमच्या यजमानांना आधीच सांगा की 'छिंगयो' म्हणजे वनस्पती तेलातला हवा, चेंगदूत तो मिळतो. आणि मधे पडदी असलेलं दोन भागांचं भांडं मागवा, एका बाजूला तिखट, दुसरीकडे मशरूम-टोमॅटोचा साधा रस्सा. त्यांचं बीफ त्याच भांड्यात बुडणार हे नको असेल तर एकेकाला छोटं वेगळं भांडं देणारी हॉटेलं पण आहेत, तसंच ठिकाण धरायला सांगा, कुणाला राग येत नाही. कमळाच्या देठाच्या चकत्या, बटाटा, तोफू, पालेभाज्या मागवा, आणि तिळाच्या तेलात ठेचलेला लसूण घालून देतात त्यात बुडवून खा, तिखट बरंच उतरतं.