बाथटब तुंबलाय, पाहुणे घरात, बाथरूम एकच. काय करू?

निशिगंधा_एडिसन
न्यू जर्सीत एडिसनला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. सासू-सासरे दिवाळीला सांगलीहून आलेत. नरकचतुर्दशीला पाच जणांचं साग्रसंगीत अभ्यंगस्नान झालं. खोबरेल तेल, उटणं, लेकीचे कमरेपर्यंतचे केस, सगळं त्या एका टबात. लक्ष्मीपूजनापासून पाणी उतरायला अर्धा तास लागतोय आणि आज तर घोट्याएवढं साचूनच आहे. बेसिन आणि कमोड व्यवस्थित चालू आहेत.

सासऱ्यांनी खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतून झालंय. फेस सुंदर आला. पाणी जिथल्या तिथे.

कॉम्प्लेक्सच्या ऑफिसला सांगायचं नाहीये, 'केसांमुळे तुंबलं' म्हणून शेजारणीला बिल लावलं होतं. नवरा घरी आहे, पण त्याचं आणि स्क्रूड्रायव्हरचं जन्माचं वैर. उद्या भाऊबीज, नणंद कनेक्टिकटहून दोन मुलींना घेऊन येतेय. त्यांचेही केस लांबच.

बजेट २० डॉलर. प्लंबर नको. लवकर सांगा.

टिळक_रोड
आमच्याकडे मागच्या महिन्यात नहाणी ट्रॅप तुंबला होता. कोपऱ्यावरचा प्लंबर आला, जाळी उचलली, आतला कप काढला, हात घालून गोळा बाहेर. १० मिनिटं, ३०० रुपये, वर चहा. तुम्हीही तसाच कुणी बोलवा ना. आणि मुळात टब लागतोच कशाला? फरशी, उतार, मोरी. हजार वर्षं चाललंय.

डेट्रॉइटकर
झिप स्ट्रिप घ्या, डोळे झाकून. हातभर लांब प्लॅस्टिकची काटेरी पट्टी असते, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात चार-पाच डॉलरला. भोकात खुपसायची, गोल फिरवायची, ओढायची. मी लेकीच्या बाथरूममधून जे बाहेर काढलं ते बघून आमचा कुत्रा भुंकला होता.

आळशी_कासव
पट्टीला +१. आमच्या घरात तीन आहेत.

सोनचाफा
पट्टी ठीक आहे, पण ते बाटलीतलं ड्रेन क्लीनर चुकूनही ओतू नका. मी पहिल्या घरात अर्धी बाटली ओतली, तासभर थांबले, काही झालं नाही म्हणून वरून प्लंजर मारला. ते पाणी मनगटावर उडालं. डाग अजून आहे. डोळ्यात गेलं असतं तर काय, याचा विचार आजही करत नाही.

घरदुरुस्ती_वेडा
एकदाच काय तो खर्च करा आणि बॅटरीवर चालणारा ड्रेन ऑगर, म्हणजे तुंबलेला पाइप मोकळा करायचं यंत्र, घ्या. २५ फुटी केबल, ड्रिलसारखा हातात धरायचा, बटण दाबलं की स्वतःच फिरत आत जातो. मला सेलमध्ये १८९ ला पडला. त्याच्या जिवावर मी बेसमेंटचं अख्खं बाथरूम स्वतः केलंय, फोटो माझ्या जुन्या धाग्यात आहेत.

आळशी_कासव
बजेट २० डॉलर लिहिलंय.

घरदुरुस्ती_वेडा
वाचलंय. प्लंबर एका भेटीचे किती घेतो ते एकदा बघा, मग बोलू.

रसायनकाका
सोडा आणि व्हिनेगरबद्दल एकदा लिहितोच, कारण दर धाग्यात हे येतं. दोघं एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खाली राहतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्यात केस विरघळत नाहीत. फेस दिसतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

बाटलीतल्या क्लीनरमध्ये बहुधा कॉस्टिक सोडा असतो, बऱ्याच द्रव प्रकारांत जोडीला ब्लीचही. केसांवर त्याचा परिणाम होतो हे खरं, पण तो द्रव गोळ्यापर्यंत पोचायला हवा. घोटाभर पाण्यात तो नुसता पातळ होऊन बसतो. आणि ब्लीचवालं ओतल्यावर 'बघू या' म्हणून कमोडचं ॲसिड ओतलंत तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये. घरात म्हातारी माणसं आहेत म्हणून सांगतो.

उकळतं पाणीही नको. खालचा पाइप पीव्हीसीचा असेल तर तो साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. नळाचं गरम पाणी पुरे.

आणि गुन्हेगार फक्त केस नाहीत. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. टबात गरम पाण्यासोबत पातळ होऊन गेलं, पाइपात गार पडलं, त्यावर उटणं चिकटलं, त्यात केस. गिलावाच झाला की हो तो!

सांताक्लाराची_सई
हे तेलाचं पटलं. आमच्याकडे थंडीत बाटली गिझरवर ठेवायची आजी.

अवांतर: पाच जणांचं अभ्यंगस्नान टबात कसं करता? पाट टबात ठेवता?

निशिगंधा_एडिसन
प्लॅस्टिकचं स्टूल ठेवतो. बादली, मग्गा. टबात पाणी भरून कुणी कधी बसलेलं नाही, सात वर्षांत एकदाही नाही.

सांताक्लाराची_सई
आमच्याकडेही बादलीच! मला वाटायचं आम्हीच गावठी.

टिळक_रोड
म्हणजे टब घ्यायचा, त्यात स्टूल ठेवायचं, त्यावर बसून मग्ग्याने अंघोळ करायची. मग मोरी काय वाईट होती?

सांताक्लाराची_सई
टब घेतलेला नसतो हो, अपार्टमेंटसोबत येतो. तुम्ही काय लिफ्ट निवडून फ्लॅट घेतला होता का?

टिळक_रोड
हो. बघूनच घेतला होता.

फावला_वेळ
निशिगंधा, पट्टी आणायच्या आधी एक बघून सांगा. टबाच्या तळाच्या भोकात वर-खाली होणारी बोंडी आहे, की नुसती सपाट जाळी? आणि नळाच्या खाली, टबाच्या भिंतीवर जी गोल चकती असते, तिच्यावर खटका आहे का?

जाळी आणि खटका असं असेल तर तुमची गंमत वेगळी आहे. त्या प्रकारात बूच तळाला नसतंच. चकतीमागच्या उभ्या पाइपात एक सळई लोंबत असते, तिच्या टोकाला पितळेचा नळकांड्यासारखा तुकडा. खटका दाबला की तो तुकडा खाली सरकून वाट बंद करतो. केस त्यालाच गुंडाळून बसतात. जाळीतून कितीही कोचलंत तरी तिथपर्यंत हात जात नाही.

मुलुंडची_मैना
प्लंजर कुणीच कसं सांगितलं नाही? सगळ्यात स्वस्त! बेसिनचा, सपाट वाटीचा घ्यायचा, कमोडचा नाही. खाली पाणी असेल तर उलट चांगलंच, वाटी बुडायला हवी. फक्त वरच्या चकतीचं भोक ओल्या फडक्याने गच्च दाबून धरायचं, नाहीतर सगळी हवा तिथून जाते आणि तुम्ही नुसत्या दंड-बैठका काढता. माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी पाऊण तास काढल्या.

नवे_नवे
कुणी झिप स्ट्रिप ट्राय केली आहे का? चार-पाच डॉलरला मिळते म्हणे.

आळशी_कासव
वर वाचा.

निशिगंधा_एडिसन
सगळ्यांचे आभार. हातात आधी पट्टी आली, ४ डॉलर ९७ सेंट. आणि ती जाळीच्या भोकातून आतच जात नाही! अर्धी भोकं बारीक, अर्धी उटण्याने बुजलेली. एक काटा मोडून आत पडला.

फावला_वेळ, तुम्ही म्हणता तसंच आहे. तळाला सपाट जाळी, वर चकतीला खटका. खटका सात वर्षांत कुणी हलवला नसावा, जाम आहे. सासरे म्हणतायत 'पाटबंधारे खात्यात असले गेट उघडायला आम्ही वंगण घालायचो', आणि स्वयंपाकघरातून तेल घेऊन आलेत. थांबवलंय.

डेट्रॉइटकर
जाळीच्या मधोमध एक स्क्रू असतो. तो काढा, जाळी निघेल, पट्टी जाईल. पट्टी वाईट नाही.

फावला_वेळ
मधला स्क्रू गंजलेला असेल तर पान्ह्याने हिसकू नका, डोकं उडालं की ऑफिसला बोलवावंच लागेल. वरून जा, सोपं आहे.

टबातलं पाणी मग्ग्याने उपसून टाका. तळाच्या जाळीवर जुना टॉवेल पसरा, स्क्रू आत पडले तर वेगळा धागा काढावा लागेल. चकतीला दोन स्क्रू असतात. काढायच्या आधी फोनवर फोटो काढा. मग चकती सरळ बाहेर ओढू नका. थोडी वर उचलत, हलकेच डोलवत काढा, कारण मागे हातभर सळई लोंबतेय. खाली कचऱ्याची पिशवी धरा. जे येईल ते बघून उलटी होईल, लेकीला बाहेर पाठवा. सळईवर एक नट असतो, त्यावर तिची लांबी ठरते. त्याला हात लावू नका.

सळई निघाली की त्याच वरच्या भोकातून पाइप मोकळा करायची, साधी हाताने फिरवायची स्प्रिंग घाला, १५ फुटी पुरते. होम डेपोत मिळते. तळातून घातली तर ती नको त्या वळणावर जाऊन आपटते, वरून घातली तर सरळ ट्रॅपमध्ये, म्हणजे टबाखालच्या वाकड्या पाइपात, उतरते.

घरदुरुस्ती_वेडा
माझा ऑगरही वरूनच घालतात.

मुलुंडची_मैना
प्लंजर करून बघितला का?

सोनचाफा
हातमोजे घाला. चष्मा असेल तर तोही.

निशिगंधा_एडिसन
झालं!!!

रात्री ११ वाजता सगळे झोपल्यावर मी आणि सासरे बसलो. पाणी त्यांनी उपसलं, स्क्रू मी काढले. पहिला सहज, दुसऱ्याला अर्धा तास. सळई वर येताना मधेच अडकली, मग एकदम सुटली, आणि टोकाला जे लटकत होतं त्याचं वर्णन करत नाही. साधारण मोठ्या वांग्याएवढं. राखाडी. त्याला अजून चंदनाचा वास येत होता, हे सर्वात वाईट. सासरे म्हणाले, 'यात आपलं उटणं किती आणि आधीच्या भाडेकरूंचं किती, देव जाणे.'

स्प्रिंग आणलीच नव्हती. नळाचं गरम पाणी आणि भांड्याचा साबण सोडून बघितला. आधी गुडगुड, मग एक मोठा डकार दिल्यासारखा आवाज, आणि पाणी भोवरा करून गेलं. भोवरा! सासूबाई झोपेतून उठून बघायला आल्या.

आता पुढचं. सळई परत बसेना. चार वेळा घातली. दोनदा वाट बंदच राहिली, एकदा खटका उलटा लागला. मग मी ती काढून, धुऊन, झिपलॉक पिशवीत घालून सिंकखालच्या कपाटात ठेवून दिली. चकती तेवढी परत बसवली. तळाच्या जाळीवर केस अडवायची सिलिकॉनची चपटी टोपी ठेवलीय, ८ डॉलर. पट्टी धरून एकूण खर्च १३ च्या आत.

फावला_वेळ
अहो, बसवा ती. खटका 'उघडा' असताना तुकडा वर असायला हवा, खाली नाही. चकती धरून पाव फेरा फिरवून बघा, वळलेली असेल. सळईशिवाय टब बंद होणार नाही.

डेट्रॉइटकर
सळई बसवा. घर सोडताना डिपॉझिटमधून कापतील.

मुलुंडची_मैना
सळई बसवून टाका बाई, उगाच भाड्याच्या घरात.

रसायनकाका
बसवा. आणि महिन्यातून एकदा नळाचं गरम पाणी सोडत जा, पाच मिनिटं. तेलासाठी.

निशिगंधा_एडिसन
नाही बसवत. केस तिच्यावरच अडकतात हे तुम्हीच सांगितलंत ना, मग ती परत आत कशाला घालू? टब बंद करून आम्हाला करायचंय काय? आम्ही बादलीवाले. घर सोडू तेव्हा बघू, पिशवीवर सासऱ्यांनी मार्करने 'बाथरूमचे बूच, फेकू नये' लिहून ठेवलंय.

आज सकाळी नणंद आणि दोन्ही भाच्या न्हाऊन झाल्या, पाणी टिकत नाही टबात. टोपीवर मूठभर केस निघाले, ते कागदात गुंडाळून टाकले.

टिळक_रोड
म्हणजे टब आहे, बूच नाही, स्टूल आहे, बादली आहे. मोरीच झाली की.

सांताक्लाराची_सई
:-) मान्य.

नवे_नवे
आमचाही टब आजपासून तुंबलाय. वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

सोनचाफा
निशिगंधा, ते चंदनाचं उटणं कुठलं? एवढे दिवस पाइपात राहून वास टिकला म्हणजे चांगलंच असणार.