‘तारस्वर’ या शब्दातील ‘तार’ नेमकी कोणती?

जिज्ञासू :
‘तारस्वरात ओरडणे’ हा प्रयोग आपण सर्रास करतो. वाद्याची तार जितकी ताणावी तितका तिचा स्वर चढतो, त्यावरूनच चढ्या आवाजाला तारस्वर हे नाव पडले असावे, असा माझा समज होता. परंतु गाण्याच्या वर्गात मंद्र, मध्य आणि तार ही सप्तके शिकताना शंका आली की, पहिल्या दोन नावांचा धातूच्या तारेशी काही संबंध नसताना तिसऱ्याचाच कसा असेल? जाणकारांनी खुलासा करावा.

पोथीवाला :
शंका रास्त आहे. हा ‘तार’ संस्कृत विशेषण आहे. अमरकोशाच्या नाट्यवर्गात ‘मन्द्रस्तु गम्भीरे तारोऽत्युच्चैः’ असे म्हटले आहे. म्हणजे खोल ध्वनी तो मंद्र आणि अतिशय उंच तो तार. कोशकार हा शब्द ‘तॄ’, म्हणजे तरून पलीकडे जाणे, या धातूपासून साधतात, तेव्हा पार पोहोचणारा, दूरवर ऐकू जाणारा असा त्याचा मूळ भाव धरता येतो. तारक आणि अवतार हे शब्दही त्याच धातूचे. वाद्याची तार मात्र स्त्रीलिंगी नाम आहे आणि तिचे नाते फारसीतील धागा या अर्थाच्या ‘तार’ शब्दाशी सांगतात. सतार म्हणजे मुळात तीन तारांची. २०१३ साली बंद झालेली टपाल खात्यातली ‘तार’ याच दुसरीची लेक.

षड्ज :
वरील खुलाशाला गाण्याच्या बाजूने थोडी जोड देतो. भरताच्या नाट्यशास्त्रात ऊर, कंठ आणि शिर ही स्वरांची तीन स्थाने सांगितली असून मंद्र, मध्य व तार हे भेद त्यांच्याशी जोडलेले आहेत. मध्य षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरली, तर तार षड्जाची ४८० होतात. भातखंडे लिपीत त्याच्या डोक्यावर टिंब देतात. खटकते ते एवढेच की, व्यवहारात तारस्वर म्हणजे मोठा आवाज असे आपण धरून चाललो आहोत. डासाची गुणगुण उंच असते पण मोठी नसते, वाघाची डरकाळी मोठी असते पण उंच नसते. तार षड्ज अगदी हळुवारही लावता येतो, किंबहुना तसा लावणेच अवघड असते.

जिज्ञासू :
आभारी आहे. मग ‘तारांबळ’ यातली तार कोणती?

पोथीवाला :
ती या दोहोंपैकी कोणतीच नव्हे. मंगलाष्टकांतील ‘ताराबलं चन्द्रबलं तदेव’ या चरणावरून तो शब्द आल्याचे सांगतात. तिथली तारा आकाशातली, नक्षत्र या अर्थाची. मुहूर्त टळू नये म्हणून त्या वेळी मांडवात जी धावपळ उडते, ती या शब्दाला चिकटली. अर्थात भटजी ते म्हणतात तारस्वरातच.