बंदुकीच्या दस्त्यावर कोरलेलं 'डुकरांचा काळ' कसं घालवायचं?

काजूवाला_राजापूर

नमस्कार मंडळी. आमची काजूची बाग आणि खाली थोडी भातशेती. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एक जुनी रायफल घेतली, बाराबोअर, एकनळी, बर्मिंगहॅमची. व्यवहार रीतसर, दोन्ही परवान्यांवर नोंदी झालेल्या. ज्या आजोबांची होती त्यांचे हात आता कापतात म्हणून त्यांनी विकली. नळी आतून आरशासारखी आहे. दुखणं वेगळंच आहे.

दस्त्याच्या डाव्या बाजूला, गाल टेकतो नेमका तिथेच, आजोबांनी तरुणपणी चाकूने डुकराचं मुंडकं कोरलंय. मुंडकं कसलं, वांगं वाटतं. त्याखाली 'डुकरांचा काळ'. 'ळ'ला जागा पुरली नाही म्हणून तो खालच्या ओळीत एकटाच. मग चौदा खाचा, त्यातली शेवटची अर्धवट. शिवाय नळीमागच्या लोखंडी भागावर, भांड्यांवर नाव घालतात ना मशीनने टिंबं टिंबं करून, तसं 'मामांकडून सप्रेम भेट'. स्टीलच्या ताटावर शोभलं असतं.

2024 साली आधी लोकसभा, मग विधानसभा, दोन्ही आचारसंहितांत बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. नंबर ताडून बघताना हवालदार टॉर्च मारतो आणि मोठ्याने वाचतो, 'डुकरांचा काळ'. अख्खी रांग माझ्याकडे बघते. मी आजवर एकही डुक्कर मारलेलं नाही. हवेत बार काढतो, ती पळतात, दोन दिवसांनी परत येतात.

हे घासून जाईल का? पॉलिश पेपर घेऊन बसलो होतो, बायकोने उठवलं. लोखंडावरचं कानशीने पाच मिनिटांत जाईल असं गावातला फॅब्रिकेशनवाला म्हणतोय.

मालवणी_झील

अरे बाबा, आधी ती कानस खाली ठेव! लोखंडाक हात लावूचो नाय. आमच्या वाडीत एकान गंज काढता काढता नंबरातलो एक आकडो पुसून टाकल्यान. परवान्याच्या नूतनीकरणाक गेलो तेवा तो तीन की आठ ह्या ठरवूसाठी सा महिने हेलपाटे मारल्यान. लोक हसतत तर हसांदे. माझ्या बंदुकीक कोण हसाक नाय, कारण ती वाजतच नाय.

जुना_परवानेदार

वरच्यांचं बरोबर आहे, कारणासकट सांगतो. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 8 बघा. शस्त्रावर ठोकलेलं किंवा दुसऱ्या कुठल्याही रीतीने दाखवलेलं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडायला, काढायला, बदलायला बंदी आहे. 'नाव' हा शब्दही त्यात आहे. सप्रेम भेट कारखान्याने लिहिलेली नाही हे तुम्हाला-मला कळतं. पण तपासणाऱ्याला दिसणार फक्त कानशीने घासलेला चकचकीत पट्टा, आणि तो विचारणार, इथे काय होतं? तेव्हा मामांना कुठून आणणार? शिवाय वरचा काळसर थर गेला की आपल्या खाऱ्या हवेत चार दिवसांत तिथे तांबेरा. तो मजकूर आहे तसा राहू दे.

नळी उतरवून बुडाशी असलेले बारीक छापही एकदा भिंगाने बघा. मुकुटाखाली बीएनपी अशी अक्षरं असतील तर ती 1954 नंतर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये तपासलेली. तिथे नेहमीपेक्षा जादा दाबाचा बार काढून बघतात, नळी टिकली तरच छाप. काडतूस बसतं त्या घराची लांबीही तिथेच असते. जुन्या बंदुकांत ती बऱ्याचदा अडीच इंच. पावणेतीन इंची काडतूस त्या घरात सुखाने बसतं आणि तिथेच माणूस फसतो. बार उडाला की काडतुसाचं मिटलेलं तोंड उलगडतं, त्याला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. तुम्ही नुसते हवेत बार काढलेत तरी नळी तुमच्या गालाजवळच असते.

आणि एक, राग नको. एकनळी बाराबोअर म्हणजे रायफल नव्हे. रायफलच्या नळीत आत पिळाचे आटे असतात, हिची नळी गुळगुळीत. अर्ज करताना तरी 'बंदूक' लिहा.

सुतार_सावंतवाडी

लाकडाचं मी सांगतो. आमच्याकडे दस्ते येतात अधूनमधून, बंदूक नाही हां, फक्त दस्ता. हे आधी नीट ऐका. अख्खी बंदूक सुताराकडे ठेवून जाऊ नका, त्याच्याकडे परवाना नसतो, दोघेही अडकाल. परवान्याच्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडून लाकूड सुटं करून घ्या. एकनळीत सहसा दस्त्याच्या मागची काळी पट्टी काढली की आत खोल एक लांब बोल्ट असतो. लोखंड घरी कुलपात, लाकूड सुताराकडे. आणि लाकूड असलं तरी सगळ्या बाजूंनी फोटो काढून परवाना शाखेत साधा अर्ज देऊन पोच घ्या. कधीकधी लाकडावरही कारखान्याचा आकडा असतो, तो सोडायचा.

आता पॉलिश पेपर. खाचा दोन मिलिमीटर खोल धरल्या तर त्या जाईपर्यंत गालाखालचं तेवढं लाकूड जाणार. गाल खाली बसला की डोळा खाली येतो आणि नेम बदलतो. वहिनींनी वाचवलं तुम्हाला.

कोणी ओलं फडकं आणि इस्त्रीचा उपाय सांगेल. तो खरा आहे, पण पोच्यासाठी. बंदूक आपटून लाकूड दबलं असेल तर वाफेने धागे फुगून वर येतात. आजोबांनी चाकूने धागे कापलेत. कापलेला धागा कितीही वाफ दिली तरी जुळत नाही. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरलात तर तेल लावल्यावर ती अक्षरं फिकट रंगात आणखी उठून दिसतील, हवालदाराला टॉर्चही लागणार नाही.

ठिगळ हाच मार्ग. तुमचा दस्ता बहुधा अक्रोडाचा असेल. जुन्या फर्निचरचा अक्रोडाचा तुकडा शोधा, साग चालणार नाही, रेषा वेगळ्या. डुक्कर आणि खाचा मिळून होडीच्या आकाराचा खळगा पटाशीने चार मिलिमीटर खोल घ्यायचा. होडीचा आकार अशासाठी की रेषांना आडवा सरळ सांधा लगेच डोळ्यात भरतो, तिरका लपतो. तुकड्याच्या रेषा दस्त्याच्या दिशेने, चिकटवायला अराल्डाइट, एक दिवस शिकंजात. मग रंधा, मग बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, पातळ हाताने, आठवडाभर रोज एक. तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. जोड अजिबात दिसणार नाही असं कोणी म्हणालं तर तो सुतार नव्हे.

पावसात हे काम करू नका. लाकूड फुगलेलं असतं, ठिगळ दिवाळीनंतर सैल होईल.

गुहागरची_सून

आमच्या सासऱ्यांनी काजूच्या टरफलाचं तेल फासलं होतं काठीला. होडीला चालतं म्हणून. काठी अजून टिकलीय, त्यांच्या तळव्याची सालं निघाली होती. गालाला लावणार असाल तर फोटो टाका.

काजूवाला_राजापूर

सगळ्यांचे आभार. कानस परत केली. नळीच्या बुडाशी मुकुट आहे, बीएनपी आहे, आणि घर अडीच इंची. कपाटातला काडतुसांचा खोका काढून बघितला, सगळी पावणेतीनची. गेल्या मोसमात त्यातली सहा उडवलीत मी. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

मामांना हात लावत नाही. डुकराचं ठिगळ नोव्हेंबरात. मध्ये बाजारात आजोबा भेटले, त्यांना विचारलं चौदावी खाच अर्धी का. म्हणाले, ते डुक्कर नव्हतं, शेजाऱ्याचा रेडा होता, आणि तो वाचला.

तोवर मजकूर झाकायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय दस्त्यावर.

सुतार_सावंतवाडी

ट्यूब आजच काढा. पावसात आत घाम धरतो.

काजूवाला_राजापूर

काढली. आत पांढरी बुरशी होती, 'काळ'च्या 'का'मध्ये सगळ्यात जास्त.